प्रतिहायड्रोजन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रतिहायड्रोजनवर व्याख्यान झालं की प्रश्नांसाठी ठेवलेली दहा मिनिटं कधीच पुरत नाहीत. आठवीतली मुलगी आणि निवृत्त अभियंता पुष्कळदा एकच प्रश्न विचारतात, फक्त शब्द वेगळे. पुन्हा पुन्हा आलेले ते प्रश्न आणि त्यांची सविस्तर उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत.

प्रतिहायड्रोजन म्हणजे नेमकं काय?

साध्या हायड्रोजनच्या अणूत मध्यभागी धन प्रभाराचा प्रोटॉन असतो आणि त्याच्याभोवती ऋण प्रभाराचा इलेक्ट्रॉन. प्रतिहायड्रोजनमध्ये मध्यभागी ऋण प्रभाराचा प्रतिप्रोटॉन असतो आणि भोवती धन प्रभाराचा पॉझिट्रॉन, म्हणजे प्रतिइलेक्ट्रॉन. वस्तुमानं तीच, प्रभार उलटे. अणू एकूण उदासीनच राहतो. फरक इतकाच की साध्या द्रव्याला त्याचा स्पर्श झाला तर दोन्ही नष्ट होतात आणि त्यांची ऊर्जा गॅमा किरण व पायॉनसारख्या कणांच्या रूपात बाहेर पडते.

ही कल्पना आली कुठून?

कागदावरच्या गणितातून. पॉल डिरॅक यांनी १९२८ साली पुंज यांत्रिकी आणि विशेष सापेक्षता यांची सांगड घालणारं इलेक्ट्रॉनचं समीकरण मांडलं. त्या समीकरणाची निम्मी उत्तरं निरर्थक वाटत होती. ती खोडून टाकण्याऐवजी डिरॅक त्यांच्याशी झगडत राहिले आणि १९३१ मध्ये म्हणाले की इलेक्ट्रॉनच्याच वस्तुमानाचा पण उलट प्रभाराचा कण असला पाहिजे. पुढच्याच वर्षी कार्ल अँडरसन यांना वैश्विक किरणांच्या छायाचित्रांत तो सापडला. प्रतिप्रोटॉनसाठी मात्र १९५५ पर्यंत थांबावं लागलं. तो बर्कलीच्या बेव्हाट्रॉन त्वरकावर सेग्रे आणि चेंबरलेन यांच्या गटाला मिळाला.

प्रतिद्रव्य फक्त प्रयोगशाळेतच असतं का?

नाही. प्रतिद्रव्य, म्हणजे पॉझिट्रॉन-प्रतिप्रोटॉनसारखे प्रतिकण आणि त्यांचे अणू, आणि ते तुमच्या स्वयंपाकघरातही आहे. केळ्यात पोटॅशियम असतं, त्यातला अगदी थोडा भाग पोटॅशियम-४० या किरणोत्सारी प्रकाराचा असतो, आणि तो क्वचित एखादा पॉझिट्रॉन बाहेर टाकतो. एका केळ्यातून साधारण सव्वा तासाला एक. तो बाहेर पडताक्षणी जवळच्या इलेक्ट्रॉनला भेटून संपतो, त्यामुळे काळजीचं कारण नाही.

रुग्णालयातली पेट तपासणीही पॉझिट्रॉनवरच चालते. तिच्यासाठी लागणारं फ्लोरिन-१८ दोन तासांच्या आतच निम्मं होतं, म्हणून ते जवळपासच तयार करावं लागतं. मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ साली त्यासाठी वैद्यकीय सायक्लोट्रॉन सुरू झालं. घरातल्या कुणाची ही तपासणी झाली असेल, तर प्रतिद्रव्याचा तुमच्या घराशी थेट संबंध आलेला आहे.

पूर्ण प्रतिअणू मात्र निसर्गात आपल्या आसपास कुठेच मिळत नाही. तो बनवावाच लागतो.

इतका खटाटोप करून बनवायचा तो कशासाठी?

भौतिकशास्त्राच्या अगदी तळाशी एक विधान आहे आणि ते खरं आहे का, हे तपासण्यासाठी. बाकी सगळे प्रश्न याच्याभोवती फिरतात, म्हणून इथे जरा सावकाश जाऊ.

तीन अदलाबदली कल्पना करा. पहिली, प्रत्येक कणाच्या जागी त्याचा प्रतिकण ठेवायचा. हिला सी म्हणतात. दुसरी, सगळं दृश्य आरशात पाहायचं, डावं ते उजवं, ही पी. तिसरी, चित्रफीत उलटी चालवायची, ही टी. १९५० च्या सुमारास कुणालाही विचारलं असतं, तर या तिन्हींपैकी कोणतीही अदलाबदल केल्याने निसर्गाचे नियम बदलत नाहीत, असंच उत्तर आलं असतं.

१९५६ मध्ये ली आणि यांग या दोघांनी दाखवून दिलं की दुर्बल आंतरक्रियांच्या, म्हणजे किरणोत्सारी ऱ्हासामागच्या बलाच्या, बाबतीत आरशाची सममिती कुणी तपासलेलीच नाही. चिएन-शिउंग वू यांनी ती तपासली. कोबाल्ट-६० चे अणू अतिशय थंड करून त्यांनी त्यांच्या केंद्रकांचे स्पिन, म्हणजे स्वतःभोवती फिरण्यासारखा त्यांचा गुण, एका दिशेला वळवले आणि बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन मोजले. इलेक्ट्रॉन एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. आरशातलं जग आणि आपलं जग सारखं नव्हतं. वोल्फगांग पाउलींसारख्या मातब्बर भौतिकशास्त्रज्ञाचाही निकाल येईपर्यंत यावर विश्वास नव्हता. १९५७ चं नोबेल ली आणि यांग यांना मिळालं, वू यांना नाही. मला हा अन्याय आजही सलतो, कारण तो प्रयोग त्यांनी अक्षरशः रात्रीचा दिवस करून उभा केला होता.

मग लोक म्हणाले, बरं, पी एकटी मोडते. पण आरसा आणि कण-प्रतिकण ही अदलाबदल एकत्र केली, म्हणजे सीपी, तर सारं ठीक राहील. १९६४ मध्ये क्रोनिन आणि फिच यांना केऑन कणांच्या ऱ्हासात तीही किंचित मोडलेली दिसली.

उरली तिन्ही मिळून सीपीटी. ही आजवर कुठेही मोडलेली सापडलेली नाही. ती टिकलीच पाहिजे, असं सांगणारं एक प्रमेय आहे. विशेष सापेक्षता खरी असेल, पुंज यांत्रिकी खरी असेल आणि एका जागची घटना दुसऱ्या जागेवर तत्क्षणी परिणाम करत नसेल, तर सीपीटी अटळ आहे. या प्रमेयातून थेट निघतं की प्रतिहायड्रोजन ज्या रंगाचा प्रकाश शोषतो तो हायड्रोजनच्या रंगाशी तंतोतंत जुळला पाहिजे. शेवटच्या अंकापर्यंत. तो जुळला नाही, तर वर सांगितलेल्या तीन पायाभूत गोष्टींपैकी निदान एक तरी चुकीची ठरते. आधीच्या दोन सममितींबद्दलही माणसांची खात्री होतीच, त्यामुळे प्रमेय आहे म्हणून मोजणं सोडून द्यायचं नाही.

याचा विश्वाच्या जन्माशी काय संबंध?

महास्फोटानंतरच्या ऊर्जेतून द्रव्य आणि प्रतिद्रव्य जोडीनेच निर्माण व्हायला हवं होतं. तसं झालं असतं तर दोघांनी एकमेकांना संपवलं असतं आणि मागे फक्त प्रकाश उरला असता. प्रत्यक्षात दर अब्जभर जोड्यांमागे साधारण एक द्रव्यकण जास्तीचा उरला, आणि त्या उरलेल्या कणांतून तारे, सह्याद्री आणि आपण तयार झालो. हा जास्तीचा एक कुठून आला?

१९६७ मध्ये आंद्रेई सखारोव्ह यांनी त्यासाठी लागणाऱ्या अटी मांडल्या. सीपी मोडणं ही त्यातली एक. सीपी मोडते हे खरं, पण आजवर दिसलेलं मोडणं इतकं थोडं आहे की त्यातून आजचं विश्व उभं राहत नाही. म्हणून प्रतिद्रव्यात आणखी एखादा बारीक फरक लपला आहे का, हे जिथे जिथे शोधता येईल तिथे शोधणं भाग आहे. प्रतिहायड्रोजनमध्ये तो सापडेलच असं कुणी वचन दिलेलं नाही.

हायड्रोजनच का? प्रतिहेलियम का नाही?

हायड्रोजन हा सगळ्यात साधा अणू आहे आणि आपण तो सगळ्यात नीट ओळखतो. त्याच्या तळच्या पातळीवरून, जिला १एस म्हणतात, २एस पातळीवर जाण्याची वारंवारता पंधरा अंकांच्या अचूकतेने मोजलेली आहे. २एस पातळी सुमारे एक अष्टमांश सेकंद टिकते. अणूच्या जगात हा काळ प्रचंड मोठा. पातळी जितकी जास्त टिकते तितकी वर्णपटातली रेघ बारीक होते आणि रेघ जितकी बारीक तितकं मोजमाप नेमकं. तुलनेसाठी इतका चांगला जोडीदार दुसरा नाही.

हा अणू कुठे आणि कसा बनवतात?

जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत. लोकांना सर्न म्हटलं की सत्तावीस किलोमीटरचा मोठा त्वरक आठवतो. इथे मात्र काम उलट आहे, कणांचा वेग कमी करायचा आहे. त्या यंत्राला प्रतिप्रोटॉन मंदक म्हणतात आणि ते २००० सालापासून चालू आहे.

आधी वेगवान प्रोटॉनांचा झोत इरिडियमच्या तुकड्यावर आदळवतात. साधारण दहा लाख टकरांमागे एखादी प्रोटॉन-प्रतिप्रोटॉनची जोडी निर्माण होते. हे प्रतिप्रोटॉन भन्नाट वेगात आणि वाटेल त्या दिशेने निघतात. त्यांना एका वर्तुळाकार नळीत फिरवत फिरवत शिस्तीत आणतात आणि ५.३ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतक्या ऊर्जेपर्यंत उतरवतात. पूर्वी इथून पुढे त्यांना पातळ पत्र्यातून पार करून आणखी मंद करावं लागे आणि त्यात शंभरातले नव्याण्णवहून जास्त वाया जात. आता एलेना नावाचं तीस मीटर परिघाचं छोटं कडं त्यांना एक लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत खाली आणतं. माझ्या मते या क्षेत्रातली सगळ्यात कमी कौतुक झालेली गोष्ट म्हणजे एलेना. मोठ्या बातम्या सापळ्यांच्या आणि लेसरच्या होतात, पण हाताशी येणाऱ्या प्रतिप्रोटॉनांची संख्या या कड्याने बदलली.

पॉझिट्रॉन सोडियम-२२ या किरणोत्सारी मूलद्रव्यातून घेतात. मग दोन्ही ढग विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांनी एका लांबट नळीत अधांतरी धरायचे आणि अगदी हलकेच एकमेकांत सोडायचे. काही जोड्या जुळतात आणि अणू तयार होतात.

पहिला प्रतिअणू कधी बनला?

१९९५ मध्ये, सर्नमध्येच, वाल्टर ओलर्ट यांच्या गटाकडून. नऊ अणू. ते जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावत होते आणि सेकंदाच्या सुमारे चाळीस अब्जांश भागात संपले, त्यामुळे मोजमाप अशक्य होतं. थंड प्रतिहायड्रोजन २००२ मध्ये अथेना आणि अ‍ॅट्रॅप या गटांनी बनवला.

द्रव्याला स्पर्श झाला की संपतो, मग तो ठेवतात कशात?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न, आणि फार चांगला. भांडं द्रव्याचंच असणार, म्हणून भांडं चालत नाही. प्रभार असलेला कण विद्युत क्षेत्राने धरून ठेवता येतो, पण प्रतिहायड्रोजन उदासीन आहे, त्याच्यावर ती पकड बसत नाही.

पण पॉझिट्रॉन आणि प्रतिप्रोटॉन दोघेही लहान लोहचुंबकासारखे वागतात, त्यामुळे अणूलाही थोडी चुंबकीयता असते. मध्ये कमी आणि कडेला जास्त असं चुंबकीय क्षेत्र तयार केलं, तर योग्य दिशेचे अणू कमी क्षेत्राकडे ढकलले जातात आणि वाटीच्या तळाशी गोटी राहावी तसे मधेच राहतात. ही वाटी मात्र फारच उथळ आहे. निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम अर्धा केल्विन इतक्या तापमानाचे अणूच तिच्यात राहतात, त्याहून ऊबदार अणू काठावरून निसटतात. तेवढ्या थंडीतही अणू सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास वेगाने धावतच असतात.

अल्फा नावाच्या गटाने २०१० मध्ये ३३५ प्रयत्नांतून असे ३८ अणू पकडले, प्रत्येकी सेकंदाच्या सुमारे सहाव्या भागापुरते. वर्षभरात हाच काळ एक हजार सेकंदांवर गेला. सोळा मिनिटांहून जास्त! लेसर लावून निवांत काही विचारायला एवढा वेळ पुरतो.

मोजतात म्हणजे नेमकं काय करतात?

२४३ नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील लेसर सापळ्यातून समोरासमोर दोन्ही दिशांनी सोडतात. अणूने दोन्ही बाजूंनी एकेक फोटॉन घेतला, तर अणूच्या धावण्यामुळे येणारा फरक एकमेकांना छेदून जातो. दोन फोटॉनांची मिळून ऊर्जा बरोबर बसली की अणू १एसवरून २एसवर चढतो. तिथे आणखी एक फोटॉन मिळाला की पॉझिट्रॉन निघून जातो, किंवा खाली येताना अणूची चुंबकीय दिशा उलटते. दोन्ही प्रकारांत तो सापळ्यातून सुटतो, भिंतीला लागतो आणि संपतो. त्यातून निघालेले पायॉन सभोवतीच्या सिलिकॉन संवेदकांत आपल्या वाटा उमटवतात. त्या वाटा मागे जोडत नेल्या की अणू कुठे संपला ते कळतं.

म्हणजे माहिती मिळते ती अणूच्या मृत्यूतून. एकेक अणू हाताने मोजून घ्यावा तसं हे काम आहे.

आणि उत्तर काय आलं?

जुळतं. २०१६ मध्ये ही रेघ पहिल्यांदा दिसली. २०१८ मध्ये सुमारे १५,००० अणू वापरून ती एक लाख कोटीत दोन इतक्या अचूकतेने मोजली गेली, आणि हायड्रोजनशी फरक आढळला नाही. ही अचूकता डोळ्यांसमोर आणायची असेल, तर समृद्धी महामार्गाची ७०१ किलोमीटर लांबी मोजताना एका जिवाणूच्या लांबीएवढीच चूक होऊ द्यायची, असं समजा.

तरीही साध्या हायड्रोजनचं मोजमाप याहून शेकडोपट अचूक आहे. अजून तीन अंकांची वाट उरली आहे.

फरकच सापडला नाही, म्हणजे प्रयोग फसला ना?

मुळीच नाही, आणि या मुद्द्यावर मी आग्रही आहे. मोजण्याआधी आपल्याकडे विश्वास होता, मोजल्यावर बारा अंकांपर्यंतचं ज्ञान आलं. सीपीटी मोडेल असं मांडणाऱ्या कितीतरी शक्यता त्या एका आकड्याने बाद झाल्या. नापास व्हायची खरीखुरी संधी देऊनही प्रमेय पास झालं, याला मी निकाल म्हणतो.

केऑनमध्ये याहून कडक तपासणी झाली आहे म्हणतात. मग प्रतिहायड्रोजनची गरज काय?

हा प्रश्न पदव्युत्तर विद्यार्थी विचारतात आणि त्यांचं म्हणणं बरोबर आहे. केऑन आणि प्रतिकेऑन यांच्या वस्तुमानातला फरक, त्यांच्या वस्तुमानाच्या तुलनेत, अठरा अंकांच्या आसपास शून्य आहे. पण फरक असलाच तर तो कुठे दडला असेल, हे सांगणारा सिद्धांत आपल्याकडे नाही. केऑन क्वार्क या मूलकणांचे बनलेले असतात, त्यांच्याकडून पॉझिट्रॉनच्या वागण्याबद्दल काही कळत नाही. शिवाय टक्केवारीतला फरक आणि ऊर्जेतला प्रत्यक्ष फरक या वेगळ्या कसोट्या आहेत. अणूच्या बारीक पातळ्यांत ऊर्जेचा अतिशय लहान फरकही पकडता येतो. एका खोलीत चोर नाही म्हणून दुसऱ्या खोलीचं दार उघडायचंच नाही, असं करून चालत नाही.

प्रतिहायड्रोजन खाली पडतो की वर जातो?

खाली. हे २०२३ च्या सप्टेंबरमध्ये जाहीर झालं.

त्यासाठी अल्फा गटाने उभा सापळा बांधला. शंभरेक अणू त्यात धरायचे, मग वरची आणि खालची चुंबकीय झाकणं वीस सेकंदांत हळूहळू उघडायची आणि किती अणू कुठून बाहेर पडतात ते मोजायचं. ऐकायला सोपं, करायला अवघड. पंचवीस सेंटिमीटर पडण्याने अणूला जी ऊर्जा मिळते ती त्याच्या धावपळीच्या ऊर्जेच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी असते. वरच्या-खालच्या चुंबकांत किंचित फरक राहिला, तरी तो गुरुत्वाकर्षण झाकून टाकेल. म्हणून त्यांनी मुद्दाम वेगवेगळे फरक ठेवून अनेकदा प्रयोग केला. दोन्ही बाजू समान असताना जवळजवळ ऐंशी टक्के अणू खालून निघाले. साध्या हायड्रोजनकडूनही एवढीच अपेक्षा आहे. गुरुत्वत्वरणाचं मूल्य नेहमीच्या ०.७५ पट आलं, पण त्यातली अनिश्चितता एवढी आहे की एक पट हे उत्तरही त्यात आरामात बसतं. ०.७५ हा आकडा वाचून प्रतिद्रव्य हळू पडतं, असा निष्कर्ष काढू नका.

एक बारकावा महत्त्वाचा. ही सीपीटीची परीक्षा नव्हे. सीपीटी सांगते की प्रतिसफरचंद प्रतिपृथ्वीवर तसंच पडेल. प्रतिसफरचंद आपल्या पृथ्वीवर कसं पडेल, याचं उत्तर आइन्स्टाइन यांच्या समतुल्यता तत्त्वातून येतं: गुरुत्वाकर्षणात सगळ्या वस्तू सारख्याच पडतात. तपासलं गेलं ते तत्त्व.

याचा बाँब बनू शकतो का?

नाही. २०१८ च्या मोजमापातले सगळे १५,००० अणू एकाच वेळी नष्ट झाले असते, तरी जी ऊर्जा निघाली असती तिच्यात तिळाचा एक दाणा फार तर अर्धी-पाऊण वीत वर उचलला गेला असता. प्रतिद्रव्य हे इंधनही होऊ शकत नाही, कारण ते बनवायला लागणारी ऊर्जा मिळणाऱ्या ऊर्जेच्या कितीतरी पट असते.

आपल्याकडच्या विज्ञानाशी याचा काही धागा जुळतो का?

एक धागा मला फार आवडतो. जुन्नर तालुक्यातल्या खोडद इथली महाकाय रेडिओ दुर्बीण, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची जीएमआरटी, दूरच्या दीर्घिकांतल्या हायड्रोजनचा एकवीस सेंटिमीटरचा संदेश ऐकते. हायड्रोजनमध्ये इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन यांच्या चुंबकांची परस्पर दिशा बदलली की १४२० मेगाहर्ट्झची ही लहर निघते. प्रतिहायड्रोजनमध्ये नेमका हाच बदल सर्नमधले गट मोजत आहेत. अल्फाने तो सापळ्यात मोजला आहे, अ‍ॅसाकुसा हा गट तो मोकळ्या झोतात मोजू पाहतो आहे.

भारत २०१७ पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे आणि मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था तिथल्या सीएमएस प्रयोगात अनेक वर्षं आहे. तो प्रयोग वेगळा, पण सर्नचं दार आपल्या विद्यार्थ्यांना उघडं आहे.

सध्या काय चाललं आहे?

२०२१ मध्ये अल्फाने १२१.६ नॅनोमीटरच्या लेसरने प्रतिहायड्रोजन आणखी थंड करून दाखवला. अणू जितका मंद, तितकी रेघ बारीक आणि गुरुत्वाकर्षणाचं मोजमापही तितकं स्वच्छ. बेरिलियमच्या आयनांनी पॉझिट्रॉन आधीच थंड करून घेण्याची युक्तीही आता वापरात आहे. तिच्यामुळे जे १५,००० अणू जमवायला पूर्वी आठवडे लागत, तेवढे काही तासांत जमतात.

शेजारच्याच बेस नावाच्या गटाने एकट्या प्रतिप्रोटॉनची चुंबकीयता आणि प्रभार-वस्तुमान गुणोत्तर विलक्षण अचूकतेने मोजलं आहे; प्रतिप्रोटॉन त्यांनी सापळ्यात वर्षाहून जास्त काळ सांभाळले. आता त्यांची अडचण ही आहे की त्याच इमारतीतल्या त्वरकांमुळे चुंबकीय क्षेत्र सतत थरथरतं. उपाय म्हणून त्यांनी सापळाच उचलून नेता येईल असा बांधला. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सत्तर प्रोटॉन त्यात भरून तो ट्रकवर चढवला आणि सर्नच्या आवारात फिरवून आणला. प्रोटॉन जागच्या जागी राहिले. प्रतिप्रोटॉन असेच रस्त्याने शांत प्रयोगशाळेत न्यायचे, हा त्यामागचा बेत आहे.